थ्री-नॉट-थ्रीची पुंगळी आपल्या चेंबरच्या मापाची कशी करावी

तिसऱ्यांदा भरलेल्या काडतुसाचा बार उडवून मी रायफलीचा बोल्ट, म्हणजे ती मागून बंद करणारा दांडा, मागे ओढला, तेव्हा बाहेर आले ते पुंगळीचे, म्हणजे काडतुसाच्या पितळी आवरणाचे, अर्ध्या इंचाहूनही कमी उंचीचे बूड. वरचे सगळे नळकांडे चेंबरमध्येच, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीत, अडकून राहिले होते. बुडाची कड इतकी सरळ तुटली होती, की कोणीतरी लेथवर धरून कापली असावी असे वाटले. डोळ्यांवर संरक्षक चष्मा होता, त्यामुळे मला काही झाले नाही आणि रायफलही शाबूत राहिली. रेंजवरच्या एका ज्येष्ठ सभासदांनी तुटकी पुंगळी काढायचे हत्यार दिले आणि नळकांडे बाहेर आल्यावर ते उजेडाकडे धरून, तुटलेल्या कडेपाशी पत्रा आतून किती पातळ झाला आहे हे मला दाखवले. यात दोष काडतुसातल्या दारूचा नव्हता आणि रायफलीचाही नव्हता. डायच्या, म्हणजे पुंगळी दाबून मापात आणणाऱ्या साच्याच्या, डब्यातल्या सूचनापत्रकाप्रमाणे मी दर वेळी पुंगळी पुरती दाबत होतो आणि दर बाराला रायफल तिला पुन्हा ताणत होती.

ही रायफल म्हणजे ईशापूरच्या कारखान्यात बनलेली ली-एनफिल्ड, जिला आपल्याकडे सगळे थ्री-नॉट-थ्री म्हणतात. एनसीसीच्या कवायतीत ती खांद्यावर वाहिली होती. पेनसिल्व्हेनियात स्थायिक झाल्यावर जुन्या लष्करी रायफलींच्या विक्रीत ती पुन्हा समोर आली आणि मी ती घेतली. अमेरिकेत अशा रायफली बाळगणारे आणि त्यांची काडतुसे घरी भरू पाहणारे मराठी लोक मला अधूनमधून भेटतात आणि बहुतेकांची सुरुवात माझ्यासारखीच चुकीच्या टोकाने होते. दारू किती आणि गोळी कोणती, यावर ते तासन्‌तास बोलतात. पुंगळीचे माप मात्र डायवर सोपवून मोकळे होतात. म्हणून या लेखात फक्त पुंगळीबद्दल लिहिले आहे. दारूचे प्रमाण येथे मुद्दाम दिलेले नाही. ते छापील रिलोडिंग मॅन्युअलमधूनच, म्हणजे काडतुसे पुन्हा भरण्याच्या पुस्तिकेतूनच, घ्यावे.

१. आधी कायद्याची बाजू तपासा

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विक्रीसाठी भरायची असतील तर लागतो. राज्याचे आणि गावाचे नियम, विशेषतः घरात दारू व प्राइमर (पुंगळीच्या बुडात बसणारी, ठोक्याने पेटणारी टिकली) किती साठवता येतात याबद्दलचे, वेगळे असतात आणि ते स्वतः पाहून घ्यावे लागतात.

आपल्या लोकांसाठी खरा सापळा व्हिसाचा आहे. एच-१बी, एल-१ किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या व्यक्तीला केंद्रीय कायद्यानुसार सर्वसाधारणपणे बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगता येत नाही. एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणे, यांसारखे मोजकेच अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकांना ही अट लागू नाही. तुम्ही अपवादात बसता असे वाटत असेल, तरी वकिलाला विचारल्याशिवाय एक पुंगळीसुद्धा भरू नका, कारण येथे चूक झाली तर ती इमिग्रेशनच्या फाइलीत जाऊन बसते.

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसे तयार करणे हा गुन्हा आहे. पिकाच्या राखणीसाठी गावी परवान्याची बंदूक असली, तरी तो परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, काडतुसे बनवण्याचा नाही. आणखी एक सांगतो: भारतात जाताना रेंजवर नेलेली पिशवी किंवा जाकीट घेऊ नका. अस्तरात अडकलेले एखादे काडतूस विमानतळाच्या तपासणीत सापडले, तर पुढची सुट्टी पोलीस ठाण्यात आणि कोर्टात जाते. रिकामी पुंगळीही आठवण म्हणून नेऊ नये.

२. पुंगळी का ताणते, ते समजून घ्या

घाई असली तरी हा भाग ओलांडून पुढे जाऊ नका. पुढची प्रत्येक कृती यावरूनच निघते.

पुंगळीचे पितळ म्हणजे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. बार उडाला, की आतल्या दाबाने पुंगळी फुगते, चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला, की ती किंचित आकसते आणि म्हणूनच बाहेर निघते. म्हणजे उडालेली पुंगळी ही तुमच्या चेंबरचा जवळजवळ हुबेहूब ठसा असते. हा ठसा मुद्दाम घेणे म्हणजे फायर फॉर्मिंग, आणि फुगलेली पुंगळी पुन्हा डायमध्ये दाबून काडतूस भरण्याजोगी करणे म्हणजे रिसायझिंग. ही दोन्ही कामे एकमेकांच्या उलट दिशेने पुंगळी ओढतात. त्या ओढाताणीत पितळ झिजते आणि ती जितकी कमी, तितके पुंगळीचे आयुष्य जास्त.

आता थ्री-नॉट-थ्रीची खासियत पाहू. हे काडतूस ब्रिटिशांनी १८८८ मध्ये काळ्या दारूसह स्वीकारले. त्याच्या बुडाला बाहेर आलेला काठ असतो आणि चेंबरमध्ये काडतूस त्या काठावर टेकते. .३०८ विंचेस्टरसारखे बिनकाठाचे काडतूस मात्र पुढच्या खांद्यावर, म्हणजे पुंगळीचे अंग निमुळते होऊन गोळी धरणाऱ्या मानेला मिळते त्या उतारावर, टेकते. काठाचा आधार असल्यामुळे ली-एनफिल्डच्या चेंबरमध्ये खांद्यापुढे बरीच मोकळी जागा ठेवता आली. चिखलाने माखलेले काडतूसही खंदकात विनासायास आत जावे, हा त्यातला हेतू. सैन्य पुंगळी एकदाच वापरून टाकून देत असे, त्यामुळे ती पुढे किती फुगते याची फिकीर करण्याचे कारण नव्हते. ती फिकीर आता आपल्याला आहे.

बोल्टच्या तोंडापासून काठ जेथे टेकतो तेथपर्यंतच्या अंतराला हेडस्पेस म्हणतात. ते तपासायच्या लष्करी मापांत (गेज) लहान गेज ०.०६४ इंचाचे आणि मोठे ०.०७४ इंचाचे असे. कारखान्यात इंचाच्या हजाराव्या भागाला थाऊ म्हणतात, तोच शब्द मी पुढे वापरतो. काठ ६० थाऊंचा आणि हेडस्पेस ७२ थाऊंची असेल, तर पुंगळीला मागेपुढे हलायला १२ थाऊ जागा मिळते. फायरिंग पिनचा ठोका पुंगळीला पुढे ढकलतो. दाब वाढताच तिच्या पुढच्या पातळ भिंती चेंबरला घट्ट धरतात. जाड बुडाला तशी पकड घेता येत नाही, म्हणून ते मागे सरकून बोल्टवर आदळते. पुढचा भाग जागचा हलत नाही आणि बूड मागे जाते, तेव्हा जे काही ताणायचे ते मधल्या पट्ट्यात, काठाच्या जरा वरच, ताणले जाते. माझी पुंगळी तुटली ती बरोबर त्याच जागी.

यावर उपाय आहे. एकदा पुढे गेलेला खांदा तसाच ठेवला, तर पुढच्या वेळी पुंगळी काठाऐवजी खांद्यावर टेकते, तिचे बूड आधीच बोल्टला लागलेले असते आणि ताणायला जागाच उरत नाही. फुल-लेंथ डाय, म्हणजे अख्खी पुंगळी दाबणारी डाय, खाली टेकेपर्यंत दाबली, की खांदा पुन्हा कारखान्याच्या मूळ मापावर येतो आणि सगळे चक्र पहिल्यापासून सुरू होते.

३. जमवायचे साहित्य

- सिंगल-स्टेज प्रेस, .३०३ ब्रिटिशचा शेल होल्डर (पुंगळीचे बूड धरणारा तुकडा) आणि फुल-लेंथ डायचा संच. नवशिक्याने एका वेळी एकच काम करणारी प्रेस घ्यावी; हाताला काय जाणवते ते तिच्यावरच कळते.
- फक्त मान दाबणारी नेक डाय. ली कंपनीची कोलेट डाय मला आवडते, कारण तिला वंगण लागत नाही.
- थाऊपर्यंत वाचता येणारा व्हर्नियर कॅलिपर.
- पुंगळीची लांबी कापणारा ट्रिमर आणि कड मारायचे हत्यार.
- डायसाठीचे मेणासारखे वंगण.
- पुंगळीच्या अंगावर काठापर्यंत घट्ट बसतील असे, साधारण इंचाच्या सोळाव्या भागाइतक्या जाडीचे मऊ रबरी ओ-रिंग.
- कागदांना लावायची तारेची टाचपिन (पेपर क्लिप), एक मेणबत्ती आणि एक वही.
- अलीकडे छापलेले रिलोडिंग मॅन्युअल, शक्यतो दोन वेगवेगळ्या प्रकाशकांची.
- संरक्षक चष्मा. तो प्रेसजवळही घालावा.

४. रायफल जाणकाराकडून तपासून घ्या

जुन्या लष्करी रायफलीचा बोल्ट मूळचाच आहे का, हेडस्पेस मर्यादेत आहे का आणि नळीत काही अडकलेले नाही ना, हे बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून गेज लावून पाहून घ्यावे. ली-एनफिल्ड नंबर चारच्या बोल्टची टोपी बदलता येते आणि तिच्यावर ० ते ३ असे आकडे असतात; आकडा वाढतो तशी टोपी लांब होते आणि हेडस्पेस कमी होते. आधीच्या एसएमएलई (शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड) प्रकाराला अशी आकड्यांची सोय नाही. ईशापूरच्या बऱ्याच रायफली एसएमएलई प्रकारच्या आहेत. त्यातही १९६० च्या दशकात तेथेच बनलेली २ए आणि २ए१ ही रायफल दिसायला तशीच असली, तरी ती ७.६२ नाटो काडतुसाची आहे. नळीवरचा आणि लाकडी दस्ता बसतो त्या सॉकेटवरचा शिक्का वाचल्याशिवाय काडतूस विकत घेऊ नका.

हेडस्पेस मर्यादेबाहेर असेल, तर पुढचे काहीही करू नका. फायर फॉर्मिंगने पुंगळी जुळवून घेता येते. बिघडलेली रायफल त्याने सुधारत नाही.

५. पुंगळ्या निवडा आणि स्वच्छ करा

सुरुवातीला एकाच कंपनीच्या, एकाच खेपेच्या ४० किंवा ५० नव्या पुंगळ्या घ्या. रेंजवर वेचलेल्या पुंगळ्या फुकट असतात, पण त्या कोणाच्या चेंबरमध्ये किती वेळा ताणल्या गेल्या हे कळायला मार्ग नाही.

जुन्या लष्करी काडतुसांची पुंगळी मिळाली, तर टॉर्चने आत पाहा. मधोमध एकच छिद्र असेल तर ती बॉक्सर पद्धतीची. बाजूला दोन बारीक छिद्रे असतील तर बर्डन पद्धतीची. बर्डन पुंगळी नेहमीच्या डायमध्ये घातली, की प्राइमर काढणारी पिन मोडते. बॉक्सर हे इंग्रज अधिकारी होते आणि बर्डन अमेरिकन. तरीही अमेरिकेत पद्धत रूढ झाली ती बॉक्सरची आणि ब्रिटिश व भारतीय लष्करी काडतुसांत दिसते ती बर्डनची. त्यामुळे देशावरून अंदाज बांधू नका, छिद्रे मोजा.

सफाईसाठी सुकी टंबलर, म्हणजे पुंगळ्या घोळवणारे यंत्र, पुरते. समई किंवा तांब्याभांडी उजळायला आपण चिंच-लिंबू लावतो, त्याच तत्त्वावर पाण्यात सायट्रिक आम्ल अगदी थोडे टाकून पुंगळ्या काही मिनिटे बुडवल्या तरी चालतात. नंतर भरपूर पाण्याने धुऊन पूर्ण वाळवाव्यात. मात्र अमोनिया असलेले पॉलिश कधीही लावू नये. यामागची हकिगत आपल्याच देशातली आहे. ब्रिटिश राजवटीत पावसाळ्यात मोहिमा थंडावत आणि काडतुसे घोड्यांच्या तबेल्यांत ठेवली जात. पाऊस संपल्यावर त्यांतल्या अनेक पुंगळ्यांना आपोआप तडे गेलेले दिसत. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया आणि घडणीच्या वेळी पितळेत राहून गेलेला ताण, या दोन्हींचा तो एकत्रित परिणाम होता. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी त्याची उकल केली. इंग्रजीत या प्रकाराला ऋतूचेच नाव मिळाले, तो ऋतू म्हणजे आपला पावसाळा.

६. पहिला बार: फायर फॉर्मिंग

नवी पुंगळी कोरीच असल्यामुळे तिचा पहिला बार सर्वांत महत्त्वाचा. याच बाराला ती मागच्या बाजूने ताणली, तर पुढे कितीही काळजी घेतली तरी ती जखम राहतेच. म्हणून पहिल्या बाराला बूड बोल्टला टेकवून ठेवायचे आणि पितळाला फक्त पुढच्या बाजूने, खांद्याकडे, फुलू द्यायचे.

त्यासाठी ओ-रिंग. भरलेल्या काडतुसावर ती पुढून सरकवून काठाला भिडवा. मॅगझिनमधून न भरता एकेक काडतूस हाताने चेंबरमध्ये ठेवा आणि बोल्ट सावकाश बंद करा. रबर दबताना हाताला मऊसर विरोध जाणवला पाहिजे. जोर लावावा लागत असेल तर ओ-रिंग जाड आहे, ती बदला. दबलेले रबर काडतुसाला मागे रेटून धरते आणि पिनचा ठोका बसला तरी बूड जागचे हलत नाही. एक ओ-रिंग काही बार टिकते, चिरली की टाकून द्यावी.

दारू मॅन्युअलमध्ये सुरुवातीचे म्हणून दिलेल्या प्रमाणातच घ्या. त्याहून कमी घेतली की काम सौम्य होईल, हा समज चुकीचा आहे. दाब कमी पडला तर पुंगळी पुरती फुलत नाही आणि काही दारूंच्या बाबतीत ठरलेल्या किमान प्रमाणाखाली जाणे धोक्याचेही असते. पुंगळी किंवा चेंबर तेलकट ठेवून बार उडवू नका. तेलामुळे पुंगळीची भिंतीवरची पकड सुटते आणि सगळा धक्का बोल्टवर जातो. ली-एनफिल्डचा बोल्ट मागच्या बाजूला अडकत असल्याने तिला हा जादा भार मुळीच नको.

फायर फॉर्मिंगचा आणखी एक अर्थ तुम्हाला वाचायला मिळेल, तो येथेच सांगून टाकतो. पार्कर ओटो ॲकली यांनी रूढ काडतुसांचे खांदे उभे करून 'इम्प्रूव्ह्ड' चेंबर तयार केले. .२८० रेमिंग्टन काडतूस .२८० ॲकली इम्प्रूव्ह्डच्या चेंबरमध्ये उडवले, की पुंगळीचा खांदा ४० अंशांचा होऊन बाहेर येतो. तेथे काठ नसल्याने चेंबर मान आणि खांदा जुळतात त्या ठिकाणी काडतुसाला किंचित चिमटीत धरेल असा कापावा लागतो. हे सगळे त्या चेंबरसाठी आखलेले असते. एखादे काडतूस चेंबरमध्ये मावते, एवढ्यावरून ते उडवण्याजोगे ठरत नाही.

७. काय बदलले ते मोजा

उडालेली पुंगळी नव्या पुंगळीशेजारी उभी करा. थ्री-नॉट-थ्रीमध्ये फरक नुसत्या डोळ्यांनाही दिसतो: खांदा वर सरकलेला, अंग भरलेले आणि मान जरा आखूड. माझ्या रायफलीत खांदा सुमारे ३५ थाऊ पुढे गेला. तुमचा आकडा वेगळा येईल आणि यायलाच हवा.

खांदा मोजायचे कंपॅरेटर विकत मिळते. नसेल तर ९ मिमी पिस्तुलाची रिकामी पुंगळी घ्या, तिचा प्राइमर काढा आणि तिचे तोंड सपाट घासून घ्या. ती थ्री-नॉट-थ्रीच्या मानेवर उलटी टोपीसारखी ठेवली, की तिचे तोंड खांद्याच्या उतारावर टेकते. आता दोन्हींची एकत्रित उंची कॅलिपरने मोजा. या आकड्याला स्वतःचा असा काही अर्थ नाही. त्याच टोपीने मोजलेल्या दोन पुंगळ्यांतला फरक तेवढा खरा. मोजण्यापूर्वी बुडाचा प्राइमर काढून टाका, नाहीतर बाहेर आलेला प्राइमर माप बिघडवतो. पाच पुंगळ्या मोजा, आकडे वहीत लिहा आणि सर्वांत मोठ्या आकड्यावर खूण करा. तोच तुमच्या चेंबरचा आकडा.

८. रिसायझिंग: खांदा जागेवर ठेवून

पहिल्या दोन-तीन वेळा फक्त मान दाबणे पुरते. कोलेट डायमध्ये आतल्या दांड्यावर मान बाहेरून आवळली जाते; अंग आणि खांदा यांना स्पर्शही होत नाही. मात्र अशी पुंगळी फक्त ज्या रायफलीत उडाली तिच्यातच जाते. घरात दोन थ्री-नॉट-थ्री असतील, तर दोन डबे ठेवा, त्यांवर नावे लिहा आणि चुकूनही अदलाबदल करू नका. शिकारीला जायचे असेल, तर भरलेले प्रत्येक काडतूस आदल्या दिवशी रेंजवर, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, बोल्टमधून आत-बाहेर करून पाहा.

काही बार झाले, की बोल्ट बंद करताना जोर लागू लागतो. पुंगळीने आकसणे कमी केले आहे, हा त्याचा अर्थ. आता फुल-लेंथ डाय हवी, पण ती पूर्ण खाली न बसवता.

डायच्या पेचाला इंचात १४ आटे असतात, म्हणजे एक पूर्ण फेरा सुमारे ७१ थाऊ खाली नेतो. आठवा भाग फेरा म्हणजे ९ थाऊ, बत्तिसावा भाग म्हणजे जेमतेम २. हे गणित लक्षात असले, म्हणजे 'अजून थोडी फिरवू' म्हणताना हात आपोआप आवरतो. शेल होल्डर वर घेऊन डाय त्याला टेकवा आणि एक पूर्ण फेरा मागे सोडा. आता पुंगळीच्या खांद्यावर मेणबत्तीचे काजळ धरा, वंगण फक्त अंगाला लावा, दाबा आणि पाहा. खांद्यावरचे काजळ अखंड असेल, तर डाय अजून तेथे पोहोचलेली नाही. आठव्या भागाने खाली न्या, पुन्हा पाहा. काजळ पुसट होऊ लागले, की बत्तिसाव्या भागाने सरका.

येथे नवखा माणूस हमखास गोंधळतो, मीही गोंधळलो होतो. डाय खाली नेताना खांद्याचे माप सुरुवातीला कमी न होता वाढते. डाय आधी अंग आवळते, आवळलेले पितळ वर सरकते आणि खांदा वर ढकलला जातो. डायचा खांदा पुंगळीच्या खांद्याला भिडल्यावरच माप उतरू लागते. त्यामुळे अर्धवट दाबलेली पुंगळी न दाबलेल्या पुंगळीहून जास्त अडते. घाबरून डाय एकदम खाली नेऊ नका. माप आधी चढेल, मग उतरेल. चेंबरच्या आकड्यापेक्षा १ ते २ थाऊ खाली आले आणि बोल्ट विनासायास बंद झाला, की तेथेच लॉक रिंग घट्ट करा. रेडिंग कंपनीचे थोडे जास्त उंचीचे शेल होल्डर २ थाऊंच्या पायऱ्यांनी मिळतात, तेही याच कामाचे.

प्रेसचा दांडा खाली आणून लगेच न उचलता दोन-तीन सेकंद तसाच धरा. पितळ स्प्रिंगसारखे परत फुलते. थोडे थांबल्याने मापे एकसारखी येतात.

९. वंगण: ना कमी, ना जास्त

कमी पडले तर पुंगळी डायमध्ये रुतून बसते. ओढाताण केली, की काठ फाटतो आणि पुंगळी आतच राहते. मग बुडाला भोक पाडून, आटे काढून, स्क्रूने ओढून काढावी लागते. जास्त झाले तर ते खांद्यापाशी साचते आणि पितळावर खळगे पाडते. दोन बोटांना मेणाचा पुसटसा हात लावून पुंगळीचे अंग चोळा. खांद्याला मुळीच नको. काम झाल्यावर प्रत्येक पुंगळी कोरडी पुसून घ्या, कारण तेलकट पुंगळी चेंबरमध्ये जाऊ द्यायची नाही.

१०. लांबी

दाबलेले पितळ मानेकडे वाढते. .३०३ ब्रिटिशची कमाल लांबी २.२२२ इंच आहे. तिच्यापुढे गेलेली पुंगळी २.२१२ इंचांवर कापा. लांब मान चेंबरच्या टोकाला अडून गोळीला आवळून धरते आणि दाब वाढतो. कापल्यावर आतून-बाहेरून कड मारून बर (कापल्यावर राहिलेला धातूचा खरखरीत कोर) काढा. लांबी नेहमी दाबल्यानंतर मोजावी.

११. मान मऊ करणे

पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम पाहिले असेल, तर हे लगेच समजेल. ठोके बसत जातात तसतसा पत्रा कडक होतो आणि कारागीर भांडे मध्येच भट्टीत तापवून पुन्हा मऊ करून घेतो. तसे न करता ठोकत राहिला तर भांडे तडकते. पुंगळीची मान प्रत्येक बाराला फुलते आणि प्रत्येक डायला आवळली जाते, हेही ठोकेच. चार-पाच भरण्यांनंतर मानेला उभी चीर दिसू लागली, तर ती या कडकपणामुळे.

अंधुक उजेडात पुंगळी सॉकेटमध्ये धरून फिरवत ठेवा, प्रोपेन टॉर्चची ज्योत मानेवर आणि खांद्यावर येऊ द्या, रंग अगदी नावापुरता लालसर होऊ लागला की लगेच काढा. हे काही सेकंदांचे काम आहे. बूड मात्र कधीही तापू देऊ नका. मऊ मान हवी असते, मऊ बूड दाब सहन करू शकत नाही. बुडापर्यंत उष्णता गेल्याची शंका आली तरी ती पुंगळी बाद समजा. ओव्हनमध्ये अख्ख्या पुंगळ्या तापवणे यासाठीच वर्ज्य आहे. हात बसेपर्यंत टाकाऊ पुंगळ्यांवर सराव करा, आणि हे काम करताना दारू व प्राइमर त्या खोलीत नसावेत.

१२. पुंगळी बाद केव्हा करावी

टाचपिन सरळ करून तिचे टोक काटकोनात थोडे वाकवा आणि टोकाला अणकुची आणा. ती पुंगळीत घालून बुडापासून वर भिंतीवरून ओढत या. बुडाची जाडी संपते त्याच्या जरा वर टोक एखाद्या खाचेत अडकले, तर आतून पत्रा पातळ झाला आहे. बाहेरून त्याच उंचीवर चमकदार कडे दिसते, पण नुसत्या कड्यावर निर्णय देऊ नका. डायही तेथे आपली खूण उमटवते. खरे काय ते टाचपीन सांगते. मी प्रत्येक भरणीपूर्वी प्रत्येक पुंगळी अशी तपासतो. पन्नास पुंगळ्यांना दहा मिनिटेही लागत नाहीत.

मानेला चीर गेलेली, प्राइमर नुसत्या अंगठ्याने आत जाईल इतका खळगा सैल झालेली किंवा खाच लागलेली पुंगळी तेथल्या तेथे पकडीने तोंड चेपून मोडीच्या डब्यात टाका. न चेपता बाजूला ठेवलेली पुंगळी महिन्याभराने चांगल्या पुंगळ्यांत कधी मिसळते, ते कळतही नाही.